पाळी जाण्याच्या वयात हाडांची काळजी: सुरुवात कुठून करायची?

हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत. आपल्याकडे मात्र बहुतेक जणी नेमक्या उलट समजुतीवर चालतात. गुडघा दुखला, पोटऱ्यांत गोळे आले, कंबर धरली की ‘कॅल्शियम कमी झालं असेल’ म्हणत मेडिकलमधून गोळ्यांची एक पट्टी आणायची आणि दुखायचं थांबलं की ती ड्रॉवरमध्ये टाकून द्यायची. ज्या बाईचं काहीच दुखत नाही, ती तर या विषयाकडे वळतच नाही. गुडघेदुखी ही बहुतेक वेळा सांध्यातल्या कूर्चेची झीज असते. तो आजार वेगळा, त्याचे उपाय वेगळे. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, हाड मोडेपर्यंत गप्प बसून असतो. आणि हाड मोडायला मोठा अपघातही लागत नाही. ओल्या लादीवर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट गेलं. दिवाळीच्या साफसफाईत गादी उचलली आणि पाठीत कळ येऊन मणका दबला.

हाड ही जिवंत वस्तू आहे. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवं भरणाऱ्या पेशी यांचं काम आयुष्यभर चालू असतं. साधारण तिशीपर्यंत भर जास्त पडते, पुढे काही वर्षं बरोबरी चालते आणि मग खरवडणाऱ्यांचा वेग वाढत जातो. बायकांमध्ये या खरवडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) आवर घालतं. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाड सगळ्यात झपाट्याने विरळ होतं. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चारेक वर्षं आधी. म्हणून हे सगळं वाचायचं वय चाळीस ते पंचावन्न. सत्तरीतल्या सासूबाईंसाठी वाचत असाल तर जरूर वाचा, पण आधी स्वतःसाठी वाचा.

पहिली पायरी: आपला धोका किती?

एका कागदावर या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

- पाळी ४५ च्या आधी गेली का?
- गर्भपिशवी काढली आहे का? काढली असेल तर अंडाशय ठेवले की तेही काढले?
- आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?
- चाळिशीनंतर साध्या पडण्याने तुमचं कुठलं हाड मोडलंय का?
- दमा, आमवात किंवा त्वचेच्या आजारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सलग तीन महिने किंवा जास्त घेतल्या आहेत का?
- वजन उंचीच्या मानाने फारच कमी आहे का?
- थायरॉइड वाढलेला होता का, किंवा त्याच्या गोळीचा डोस जास्त होऊन बराच काळ तसाच चालला होता का?
- स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल नावाची गोळी चालू आहे का?
- सिगारेट, मिश्री, तंबाखू, दारू? (दातांना लावायची मिश्री म्हणजे तंबाखूच. ती ‘सवय’ म्हणून सोडून देऊ नका.)

यातल्या दुसऱ्या प्रश्नावर जरा थांबू या, कारण महाराष्ट्रात तो फार मोठा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी. अंडाशयही काढले असतील तर त्या दिवसापासून इस्ट्रोजेन बंद, म्हणजे तिशी-पस्तिशीतच हाडांच्या दृष्टीने पाळी गेलेली. अंडाशय ठेवले असले तरी त्यांचं काम काही जणींत लवकर थांबतं, आणि पाळी तर आधीच बंद असल्याने ते कळतही नाही. कितीतरी बायकांना आपले अंडाशय आहेत की नाहीत हेच ठाऊक नसतं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. सापडलं नाही तर सोनोग्राफीच्या वेळी विचारून घ्या.

आणखी एक छुपी वाट. ‘तीन दिवसांत सांधेदुखी गायब’ म्हणत मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. जादूसारखा गुण येतो तो त्याचाच. वर्षभर अशा पुड्या खाल्ल्या असतील तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

घरात कुणी इंटरनेट वापरणारं असेल तर इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं ‘फ्रॅक्स’ नावाचं मोफत ऑनलाइन गणनयंत्र आहे. त्यात भारतासाठी वेगळा पर्याय आहे आणि वय ४० पासून पुढे ते चालतं. तुमची माहिती भरली की येत्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती टक्के, ते सांगतं. येणारा आकडा छापून डॉक्टरांकडे न्या, स्वतःच अर्थ काढत बसू नका.

दुसरी पायरी: भिंतीपाशी उभ्या राहा

याला एक पैसा लागत नाही. अनवाणी पायांनी भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ टेकवून सरळ उभ्या राहा, नजर समोर. डोक्याचा मागचा भाग सहज भिंतीला टेकतो का? हनुवटी वर न करता टेकत नसेल तर पाठीच्या कण्याला बाक येतोय. मग डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा आणि टेपने मोजा. ऐन तारुण्यातली उंची आठवत नसेल तर जुना पासपोर्ट किंवा विम्याच्या मेडिकलचा कागद बघा. लग्नाच्या बायोडाटावरही लिहिलेली असते, मात्र तिथे एखाद-दुसरा इंच वाढवलेला असू शकतो. चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची कमी झाली असेल तर एखादा मणका न कळत दबलेला असू शकतो. मणके दबल्याची बहुतेक प्रकरणं ‘पाठ भरली होती, बाम लावला, बरं वाटलं’ इथेच संपतात, एक्स-रेपर्यंत पोहोचतच नाहीत. उंचीची नोंद वर्षातून एकदा, ठरवून वाढदिवसाला करा.

तिसरी पायरी: ताटातलं कॅल्शियम

प्रौढ स्त्रीला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेल्यानंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. चहातलं दूध, वरण-भात, पोळी-भाजी एवढ्यावर दिवस काढला तर यातलं निम्मंही गाठणं अवघड. पण आपल्या स्वयंपाकघरातल्याच वस्तूंनी ते गाठता येतं. अंदाज घ्या (आकडे मिलिग्रॅममध्ये):

- नाचणीची एक भाकरी (सुमारे ५० ग्रॅम पीठ): १७० ते १८०
- दूध एक पेला (२०० मिली): २४० च्या आसपास
- घरचं दही, मोठी वाटी: २०० च्या आसपास
- सालासकटचे तीळ, दोन चमचे (१० ग्रॅम): १२०
- शेवग्याच्या पाल्याची किंवा मेथीची भाजी, एक वाटी: सुमारे २००
- उरलेलं जेवण, डाळ-उसळ-पोळ्या धरून: १५० ते २००

बेरीज अकराशेच्या घरात जाते, आणि यात महाग असं काही नाही. मासे खाणाऱ्यांना सुकट, जवळा, काट्यासकट चावून खाता येणारी मांदेली हा उत्तम पर्याय. कोकणातली कुळथाची पिठीही मदतीला येते. दूध पचत नसेल तर दही-ताक बहुतेकींना चालतं. पालकाचं नाव मात्र या यादीत घेऊ नका. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं आणि फारसं अंगी लागू देत नाही.

नाचणीबद्दल एक बारकावा. नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम तिच्या लालसर सालात असतं. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे पांढरं सत्त्व आपण काढतो आणि चोथा टाकून देतो, त्या चोथ्याबरोबर हाडांच्या कामाचा मोठा वाटा निघून जातो. लहान बाळाला पचायला ते ठीक. तुम्हाला आख्ख्या नाचणीचं पीठ, त्याची भाकरी किंवा आंबील.

उपवासाचंही तेच. आठवड्याला दोन उपवास आणि दोन्ही दिवशी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे कॅल्शियमच्या खात्यात जवळजवळ शून्य. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, राजगिऱ्याची पोळी, दही असा उपवास केला तर व्रतही राहतं आणि हाडंही. प्रथिनंही विसरू नका, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो आणि त्यावर कॅल्शियम बसतं. डाळ पातळ करून सगळ्यांना पुरवायची आणि उरलेलं वरणाचं पाणी आपण घ्यायचं, ही सवय बदला. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियम जास्त जातं, तेव्हा पापड-लोणच्याला हात आखडता.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून’ फिरत असतो. पानाला लावायचा चुना दाहक असतो, तोंड-अन्ननलिका पोळते आणि डोस मोजायची काही सोय नसते. नको.

चौथी पायरी: ऊन

खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं. आपल्याकडे ऊन इतकं असूनही त्याची कमतरता सर्रास आढळते. कारण उघड आहे: आपण उन्हात असतो तेव्हा नखशिखांत झाकलेल्या असतो, स्कार्फ-सनकोटासकट. सकाळचं कोवळं ऊन छान वाटतं, पण ज्या किरणांनी त्वचेत ड तयार होतं ते तेव्हा फारसे पोहोचत नाहीत. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तेव्हाचं ऊन कामाचं. हात, पावलं, पोटऱ्या, जमल्यास पाठ उघडी ठेवून पंधरा ते तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे भर दुपारी हा प्रयोग करू नका. तिथे साडेनऊच्या सुमारालाच सावली आखूड झालेली असते, तेवढ्यावर भागवा.

फ्लॅटमध्ये, ऑफिसमध्ये दिवस जात असेल किंवा पावसाळाभर ढगच असतील तर ड जीवनसत्त्वाची गोळी किंवा पुडी लागू शकते. ६०,००० युनिटची ती पुडी साधारण आठवड्याला एक, आठ आठवडे अशी देतात आणि मग अंतर वाढवतात. ‘गुण आला’ म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेत राहिल्याने, किंवा आठवड्याची पुडी चुकून रोज घेतल्याने, रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीला गेलेले रुग्ण डॉक्टरांकडे येतात. रक्तातलं ड तपासलं असेल तर मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता समजतात. जमिनीवरून उठताना मांड्यांत जोरच उरला नाही असं वाटत असेल, अंगातली हाडं दाबल्यावर दुखत असतील, तर तपासणी लांबवू नका. ती ड च्या मोठ्या कमतरतेची लक्षणं असू शकतात.

आणि हो, रक्तातलं कॅल्शियम ‘नॉर्मल’ आलं म्हणजे हाडं ठणठणीत, असं नाही. रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर हाडातूनच कॅल्शियम उचलतं. रिपोर्ट छान आणि हाड रिकामं, असं सहज होऊ शकतं.

पाचवी पायरी: गोळी घ्यायचीच असेल तर

जेवणातून जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालतं आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या कायम घेणाऱ्यांना तेच बरं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, शरीर तेवढंच नीट शोषतं. पाकिटावर ‘एलिमेंटल कॅल्शियम’, म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम, किती ते वाचा, मोठा आकडा बहुधा क्षाराच्या वजनाचा असतो. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर मध्ये चार तास जाऊ द्या. मूतखडा झालेला असेल तर आधी विचारा.

सहावी पायरी: हाडांवर भार टाका

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. ‘दिवसभर कामच करते की, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. घरकामाने थकवा येतो, पण हाडाला हवा असतो रोजच्यापेक्षा थोडा जास्त भार, आणि तोही वाढत जाणारा. नुसतं संध्याकाळी गप्पा मारत चालणं हृदयाला चांगलं, हाडाला अपुरं. पोहणं आणि सायकलही तशीच, कारण तिथे शरीराचं वजन हाडं पेलत नाहीत.

चार गोष्टींपासून सुरू करा. एक, खुर्चीतून उठ-बस. भक्कम लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लास्टिकची नको, ती सरकते). पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, हात छातीवर घडी. हातांचा आधार न घेता उठा आणि बसताना धपकन न बसता हळूहळू, मनात तीन अंक मोजत खाली या. दहा वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा दहा. सोपं जायला लागलं की एक लिटरची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून करा. दोन, ओट्याला हात लावून टाचा उचलणं: दूध तापेपर्यंत वीस वेळा होतं. तीन, दात घासताना एका पायावर उभं राहणं. बेसिन हाताशी असू द्या. चार, पिशवीत एक-एक लिटरच्या दोन बाटल्या घालून कंबरेपर्यंत खेचणं, पाठ सरळ ठेवून. लिफ्टऐवजी जिना धरा. हाडं चांगली असतील तर मंगळागौरीचे झिम्मा-फुगडी हा उड्यांचा उत्तम व्यायाम आहे, फक्त श्रावणापुरता ठेवू नका.

ठिसूळपणाचं निदान झालेलं असेल, तर नियम बदलतात. कमरेतून पूर्ण पुढे वाकायची आसनं, म्हणजे पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, आणि जोरात पिळे देणारी आसनं टाळा. वाकलेल्या मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि तिथेच तो दबतो. सूर्यनमस्कारातही खाली वाकणं आलंच, तेव्हा योगशिक्षिकेला निदान सांगून बदल करून घ्या. फुगडी तर नकोच. स्कूटरच्या मागे एका अंगाला बसून गतिरोधकावरून उडणं हाही मणक्याला धक्काच, चालवणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

सातवी पायरी: डेक्सा कधी, कशी

हाडांची घनता मोजायची खात्रीची तपासणी म्हणजे डेक्सा. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं झोपायचं, सुई नाही, किरणोत्सर्ग अगदी कमी. खुबा आणि कंबरेचे मणके दोन्ही मोजलेले हवेत. ६५ नंतर सर्वच बायकांनी, आणि पाळी गेल्यावर पहिल्या पायरीतल्या एखाद्या जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर आधीच, डॉक्टरांना विचारून करावी. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नका. दर सेंटरगणिक बदलतात, दोन-तीन ठिकाणी फोन करा.

रिपोर्टमध्ये ‘टी-स्कोअर’ बघा. ही तरुण, निरोगी हाडाशी केलेली तुलना असते. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. हे निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवले. उणे चिन्हामुळे गोंधळ होतो: उणे ३ हे उणे २ पेक्षा वाईट. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर स्कोअर काहीही असो, उपचार लागतात. पुन्हा तपासणी साधारण दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर, नाहीतर फरक हाडातला की मशीनमधला ते कळत नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये ‘हाडांची मोफत तपासणी’ शिबिरात टाचेला लावतात ते यंत्र अल्ट्रासाउंडचं. त्याच्या चिठ्ठीवरही टी-स्कोअर छापलेला असतो, पण त्यावरून निदान करत नाहीत. तो वाईट आला तर घाबरून शेजारच्या टेबलावरचे डबे विकत घेऊ नका, डेक्सा करा.

औषध सुरू झालं तर

कॅल्शियम आणि ड हे पूरक. ठिसूळपणाचं औषध वेगळं. बहुतेकींना आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती घ्यायची रीत पाळली नाही तर अन्ननलिका भाजते आणि गुणही येत नाही. ठरलेल्या वारी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर. मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडनंतर पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन मनाने कधीच लांबवू किंवा बंद करू नका. ते अचानक थांबवल्यावर एकापाठोपाठ मणके दबल्याचे प्रकार होतात. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला ही औषधं चालू असल्याचं आधी सांगा, आणि मांडीत नवं, टिकून राहणारं दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना.

घरातली पडण्याची ठिकाणं

बाथरूम आणि मोरीत हाताला येईल असा स्टीलचा दांडा बसवा, टॉवेलचा रॉड वजन पेलत नाही. दाराशी सरकणारी पायपुसणी काढा. बिछान्यापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. कोकणात पावसाळ्यात अंगण आणि चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळतात, त्या घासून घ्या. झिजलेल्या स्लिपरा फेकून द्या. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या औषधाने उठल्यावर चक्कर येत असेल तर डोस तपासून घ्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका.

हाड मोडलंच तर

आपल्याकडे मनगट मोडलं की प्लास्टर लागतं, सहा आठवड्यांनी निघतं, फिजिओथेरपी होते आणि विषय संपतो. पन्नाशीतल्या बाईचं हाड उभ्या उंचीवरून पडून मोडलं, तर पुढच्या दोनेक वर्षांत दुसरं मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणून प्लास्टर काढायच्या दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा: एवढ्यावरून हाड का मोडलं? डेक्सा कधी करू? कॅल्शियम, ड, थायरॉइड, किडनी यांच्या रक्ततपासण्या झाल्यात का? पहिल्या पायरीतला तो प्रश्नांचा कागद आणि चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. उत्तर ‘कॅल्शियम घ्या, बरं होईल’ एवढंच मिळालं, तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे तज्ज्ञ) किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा आणि तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.